‘मु. पो.’ मधले पोस्ट



होमिओपॅथीच्या डॉक्टरने व्याख्यानमालेत पचन, झोप किंवा गुडघे यांवर बोलावे अशी साधारण अपेक्षा असते. ती मी पुरी करणार नाही. माझा विषय एक शब्द आहे. तो इंग्रजी आहे, आपल्या घरात गेली दीडशे वर्षे राबतो आहे, आणि आपण त्याला कधी परका मानले नाही. तो शब्द म्हणजे ‘पोस्ट’.

व्याख्यान छापून तुमच्या हाती येईल तेव्हा एक करून पाहा. घरातल्या ट्रंकेतले कोणतेही जुने पत्र काढा आणि पत्त्याची बाजू वर करा. नावाखाली बहुधा ‘मु. पो.’ असेल. मुक्काम पोस्ट. त्यातला मुक्काम अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मूळ अर्थ उभे राहण्याची जागा. पोस्ट आला लॅटिनमधून, इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी असे थांबे घेत. लॅटिन ‘पोझिता’ म्हणजे ठेवलेली, नेमून दिलेली. तिच्यापासून इटालियन ‘पोस्ता’ झाला, म्हणजे वाटेवर ठरवून दिलेले ठाणे. एक शब्द अरबस्तानातून निघाला, दुसरा रोममधून. आपल्या कारकुनाने दोघांना शेजारी बसवले आणि दोघांचाही अर्थ निघाला ‘थांबण्याची जागा’. ‘मु. पो.’ लिहिताना आपण एकच गोष्ट दोनदा लिहितो. तरी ती पुनरुक्ती नव्हे. मुक्काम म्हणजे माणूस जिथे राहतो ते गाव आणि पोस्ट म्हणजे त्या गावाचे पत्र जिथे उतरते ते गाव. लहान खेड्यात ही दोन नावे वेगळी असत. दोन्ही एकच असली की ‘मु. पो.’ जोडून लिहायचे.

आता थांबण्याच्या जागेला पत्राचा अर्थ कसा चिकटला ते पाहू. पंधराव्या शतकाच्या अखेरीस, १४९० च्या सुमारास, मॅक्सिमिलियन राजासाठी फ्रान्झ फॉन टॅक्सिस याने युरोपात टपालाची साखळी बसवली. ठरावीक अंतरावर ठाणे, ठाण्यावर ताजा घोडा आणि ताजा स्वार. आलेला स्वार थैली पुढच्याच्या हाती देई आणि थांबे. माणूस थांबे, घोडा थांबे, थैली मात्र थांबत नसे. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या दरबारी सर ब्रायन ट्यूक हा ‘मास्टर ऑफ द पोस्ट्स’ होता. तेव्हा पोस्ट म्हणजे आधी ठाणे, मग त्या ठाण्यावरचा माणूस, मग तो नेतो ती थैली, मग ही सगळी व्यवस्था, आणि शेवटी थैलीतले पत्र. त्या काळच्या तातडीच्या पत्रांवर बाहेरून ‘हेस्ट, पोस्ट, हेस्ट’ असे लिहीत. स्वाराला बजावणी की बाबा, धाव. त्यातूनच इंग्रजीत ‘पोस्ट-हेस्ट’ म्हणजे अतिशय घाईने असा शब्द झाला. ज्या शब्दाचा जन्म थांबण्यात झाला तो घाईचे माप बनला. आपल्याकडे १९८६ साली ‘स्पीड पोस्ट’ सुरू झाले. त्याचे अक्षरशः मराठी करायचे तर ‘वेगवान थांबा’ असे करावे लागेल!

ही व्यवस्था आधी राजाचीच होती. इंग्लंडात पहिल्या चार्ल्सने १६३५ साली ती रयतेला खुली केली. पण पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यायचे, अंतराप्रमाणे आणि कागदांच्या संख्येप्रमाणे. गरिबाला पत्र येणे म्हणजे संकटच. ते मिटवले रोलंड हिल यांनी १८४० मध्ये. पाठवणाऱ्याने एक पेनी भरायची, अंतर कितीही असो. आपल्याकडे हेच तत्त्व १८५४ मध्ये आले, अर्ध्या आण्यात. १ जुलै १८७९ ला पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि मग ‘पोस्ट’ हा शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोचला. कार्ड कितीतरी वर्षे पन्नास पैशांनाच होते. पन्नास पैशांचे नाणे दुकानदार घेईनासा झाला, तरी पोस्टाच्या खिडकीत त्याची किंमत टिकून होती.

आमच्या आधी या देशात ही कल्पना नव्हती असे मात्र कुणी समजू नये. ‘डाक’ या शब्दाचा अर्थ पाहा. १८८६ साली निघालेला ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश ‘डाक’ म्हणजे माणसांच्या आणि घोड्यांच्या बदलत्या टप्प्यांनी केलेली वाहतूक असे सांगतो. डाकबंगला म्हणजे पत्रांचा बंगला नव्हे. टप्प्यावर उतरण्याचा बंगला. आणि आपले ‘टपाल’? त्याच्या व्युत्पत्तीवर विद्वानांचे एकमत नाही. कुणी त्याला फ्रेंच ‘एताप’ म्हणजे टप्पा याच्याशी जोडले, तर बीम्ससारख्या भाषापंडिताने ठसा मारण्याच्या ‘ठप्प्या’शी. माझे मन ‘टप्पा’कडे ओढ घेते, कारण पोस्ट आणि डाक यांचाही जन्म टप्प्यावरच झाला आहे. ओढ म्हणजे पुरावा नव्हे, हे डॉक्टरला कुणी सांगायला नको.

टपालाची एक गोष्ट मात्र वादापलीकडची आहे, आणि ती आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना सांगण्यासारखी आहे. बडोद्याचे गुजराती शेजारी ‘टपाल’ म्हणतात. बेळगावात माझे कानडी रुग्ण ‘टपालु’ म्हणतात. हैदराबादेत तेलुगू माणूस ‘तपाला’ म्हणतो. तमिळ आणि मल्याळममध्येही ‘तपाल’ आहे. म्हणजे ज्या शब्दाला आपण अगदी मराठी, पेशवाई दप्तरातला समजतो तो पार कन्याकुमारीपर्यंत पसरलेला आहे. बेळगावच्या पोस्टावरच्या पाटीवर मात्र कानडीत ‘अंचे’ लिहिलेले असते. हा जुना शब्द. म्हैसूर संस्थानच्या टपालालाच ‘अंचे’ म्हणत. कानडीत ‘अंचे’ म्हणजे हंस असाही अर्थ आहे, तो ‘हंस’ याच शब्दाचा तद्भव. दोन्ही अंचे एकच की निराळे, हे कानडी पंडितांनी ठरवावे. दमयंतीकडे नळाचा निरोप नेणारा पक्षी पोस्टाच्या पाटीवर बसला आहे असे मनात येते, आणि त्या पाटीवर मराठी नसल्याचा राग क्षणभर तरी कमी होतो. क्षणभरच.

गोव्याच्या श्रोत्यांना या सगळ्याच्या उलट शब्द माहीत असेल. पोर्तुगीज अमलात टपालाला ‘कोर्रेयु’ म्हणत. त्याच्या मुळाशी धावणे आहे. इंग्रजीतला ‘कुरिअर’ त्याच कुळातला, म्हणजे धावणारा. आपला हरकारा, आपला जासूद, आपला काशीद, सगळे धावणारे. तेव्हा जगात टपालाकडे पाहण्याच्या दोन रीती दिसतात. कुणी ठाण्यावरून नाव दिले, कुणी धावणाऱ्यावरून. आज कुरिअरवाला दारात पाकीट टाकून मागे न पाहता जातो, तेव्हा तो आपल्या शब्दाला जागतो, असे म्हणायला हरकत नाही!

इंग्रजीत पत्रव्यवहारासाठी आणखी दोन शब्द आहेत, त्यांचाही थोडक्यात समाचार घेऊ. ‘लेटर’ म्हणजे मुळात अक्षर. आपणही ‘दोन अक्षरे पाठव’ म्हणतोच. आणि ‘मेल’ म्हणजे थैली. जुन्या फ्रेंचमध्ये पिशवीला तसा शब्द होता. आजच्या फ्रेंचमध्येही तो मोठ्या पेटीसाठी आहे. पत्रांची थैली ती मेल, थैली नेणारी गाडी ती मेल. ग्वाल्हेरकरांच्या स्टेशनावरून जाणारी पंजाब मेल १९१२ पासून धावते. तिचे नाव पत्रांवरून पडले, हे ‘मेल चुकली’ म्हणताना आपल्या ध्यानातही येत नाही. गंमत अशी की ब्रिटनमध्ये लोक पत्रांना ‘पोस्ट’ म्हणतात पण ती वाटणारी संस्था ‘रॉयल मेल’. अमेरिकेत लोक ‘मेल’ म्हणतात आणि वाटते ती ‘पोस्टल सर्व्हिस’. आपण भांडण न करता दोन्ही घेतले, रेल्वेला मेल दिली आणि खिडकीला पोस्ट.

‘ब्लॅकमेल’चा मात्र या थैलीशी संबंध नाही. तिथला ‘मेल’ हा स्कॉटलंडमधला खंडणीचा, साऱ्याचा शब्द. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचे लुटारू शेतकऱ्यांकडून ‘आम्ही तुम्हाला लुटणार नाही, दुसऱ्याला लुटू देणार नाही’ या बोलीवर जी वसुली करत, ती ब्लॅकमेल. आम्ही सीमाभागातले लोक ही हकीकत चवीने वाचतो. आपल्या चौथाईची आठवण होऊन इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याच्या मंडळींनी मात्र फार मोठ्याने हसू नये.

आता पोस्टाकडे परत येतो, कारण खरा गुंता पुढे आहे. इंग्रजीत ‘पोस्ट’ हा एक शब्द नाही. एकसारखे दिसणारे किमान तीन आहेत. पहिला ‘ठेवलेली’ जागा, त्यातून टपाल, त्यातून चेकपोस्ट, आणि इटालियनमधल्या त्याच्याच सख्ख्या भावापासून नोकरीतली पोस्ट. दुसरा लॅटिन ‘पोस्तिस’ म्हणजे खांब. तिसरा लॅटिन ‘पोस्त’ म्हणजे नंतर. पोस्टमार्टम, म्हणजे मृत्यूनंतर. हा तिसरा पत्रातही येतो. मजकूर संपवून सही केल्यावर आठवलेली गोष्ट इंग्रज ‘पी. एस.’ लिहून घालतो, नंतर लिहिलेले म्हणून. आपण ‘ता. क.’ लिहितो, ताजा कलम. माझे मत विचाराल तर आपला शब्द सरस आहे. त्यांच्या शब्दात उशीर आहे. आपल्या शब्दात शाई अजून ओली आहे.

मराठीने या गुंत्यात एक शहाणपण दाखवले आहे, ते तुम्ही रोज वापरता पण तपासले नसेल. ‘पोस्ट बंद होते’ म्हणताना आपण नपुंसकलिंग वापरतो. ते पोस्ट, पत्रांची कचेरी. ‘पोस्ट भरली गेली’ म्हणताना स्त्रीलिंग; ती पोस्ट, नोकरीतली जागा. आणि नातू मोबाईल दाखवत म्हणतो, ‘आजी, माझी पोस्ट बघ’, तीही स्त्रीलिंगी. हे लिंग कुणी व्याकरणकाराने ठरवलेले नाही. मराठी कानाला आपसूक कळले की मोबाईलवरची पोस्ट ही पत्राच्या पोस्टाची पोर नव्हे.

आणि ते बरोबरच आहे. इंग्रजीत ‘पोस्ट करणे’ या क्रियापदाचा एक अर्थ पत्र पेटीत टाकणे, आणि दुसरा, खांबाकडून आलेला, जाहीर सूचना खांबावर किंवा भिंतीवर लावणे. त्यातूनच ‘पोस्टर’. संगणकावर जेव्हा सूचनाफलकासारख्या जागा निर्माण झाल्या, तिथे मजकूर लावण्याला ‘पोस्ट’ म्हणू लागले, तेव्हा मनात चित्र असणार ते फलकाचे. पत्र एका माणसाला असते. त्यावर नाव असते, मुक्काम असतो. खांबावरचा कागद जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना असतो, म्हणजे नेमका कुणालाच नसतो. शब्द तोच राहिला आणि त्याच्या आतली व्यवस्था पार उलटी झाली. तरुणांना मी याचा दोष देत नाही. खांबाची उपयुक्तता आहेच. गावात पूर आला तर खांबावरच लावावे. पण ‘हल्ली लोक पत्राऐवजी पोस्ट लिहितात’ हे वाक्य मी ऐकतो तेव्हा वाटते की दोन वेगळ्या वस्तूंची अदलाबदल झाल्याचे आपण समजतो आहोत. तशी झालेली नाही. एक वस्तू गेली, दुसरी आली.

गेलेल्या वस्तूबद्दल एरवी मी गळा काढला नसता. साष्टांग नमस्कार वि. वि., तीर्थरूप, चिरंजीव, गंगाभागीरथी, कळावे, लोभ असावा. या सगळ्याची दरवर्षी कुणी ना कुणी आठवण काढतो, आणि खरे सांगायचे तर त्या मायन्यांत पुष्कळ कोरडा शिष्टाचारही होता. विधवेला उपपद लावून तिची स्थिती पाकिटावर जाहीर करणारा मायना गेला ते उत्तमच. माझी काळजी निराळी आहे. ती पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला नसेल, आपल्याला असायला हवी.

बडोद्यात मूल गुजराती किंवा इंग्रजी शाळेत जाते. इंदूर-ग्वाल्हेरात हिंदी किंवा इंग्रजी. हैदराबादेत तेलुगू, उर्दू, इंग्रजी. बेळगावात आणि गोव्यात मराठी शाळा आहेत, पण तिथेही पालकांचा ओढा कुठे आहे ते तुम्ही पाहता. अशा घरांत मराठी ऐकायला मिळते, बोलायला मिळते, तव्यावरच्या भाकरीसारखी ताजी मिळते. पण लिहायची वेळ कधी येत होती? शाळेत नाही, दुकानात नाही, कचेरीत नाही. वेळ येत होती ती एकाच ठिकाणी: मामाला, आत्याला, आजोबांना पत्र लिहिताना. आई पाठीशी उभी राहून सांगे, ‘आधी श्री लिही, मग नमस्कार लिही, परीक्षेचे लिही, पाऊस पडला ते लिही.’ पंधरा ओळींचे ते काम. महाराष्ट्रातल्या मुलाला ते एक काम होते. आपल्या मुलाला ती सगळी मराठी शाळा होती. फोन आला, मग आवाजी निरोप आले, आणि बोलण्याची मराठी सुखरूप राहिली. लिहिण्याची गेली, आणि गेली तेव्हा कुणी दारही वाजवले नाही. आज आपल्या घराघरांत उत्तम मराठी बोलणारी आणि मराठीत आपले नावही चाचरत लिहिणारी माणसे आहेत. ती बुद्धिमान आहेत, त्यांचे मराठीवर प्रेम आहे. त्यांना लिहायचे कारण उरले नाही, एवढेच.

आणि आपल्या घरांना पत्त्याची गरज इतरांपेक्षा जास्त होती. माझ्याच गल्लीचा दाखला देतो. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी पत्त्याच्या शेवटी मुंबई राज्य होते. त्यानंतर म्हैसूर राज्य आले. १९७३ पासून कर्नाटक. २०१४ साली गावाचे सरकारी स्पेलिंगही बदलले. घर हलले नाही, विहीर हलली नाही, शेजारी बहुतेक तेच. इंदूरच्या घरांनी होळकर संस्थान, मध्यभारत आणि मध्य प्रदेश पाहिला. हैदराबादच्या घरांनी निजाम, आंध्र आणि तेलंगण. राज्याची ओळ खोडली गेली, ‘मु. पो.’ तेवढे टिकले. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, आणि संस्कृतचे कवी-नाटककार. त्या सहा आकड्यांत पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र आणि गोव्याचा चार. इंदूर, ग्वाल्हेरचाही चार. बडोद्याचा तीन. बेळगाव आणि हैदराबादचा पाच. बेळगावहून चंदगड मोटारीने तासाभराचे, पण पत्राच्या हिशेबात पाचातून चारात जायचे. कवीने केलेली वाटणी असूनही तिच्यात भाषेला जागा नाही, आणि त्यामुळेच असेल, तिच्यावर कधी मोर्चा निघाला नाही.

आमच्या जैन समाजात पत्राला एक वेगळे काम होते. पर्युषण संपले की वर्षभरातल्या दुखावण्याबद्दल क्षमा मागायची, आणि परगावी असलेल्यांना ती पत्राने मागायची. श्वेतांबर संघांनी तर एके काळी साधूंना लांबलचक चित्रमय गुंडाळ्या पाठवल्या. त्यांना विज्ञप्तिपत्र म्हणतात. त्यात क्षमायाचना असे आणि पुढचा चातुर्मास आमच्या गावी करा अशी विनंती असे. गावाचा बाजार, देऊळ, रस्ता सगळे चितारून दाखवत, की पाहा, आमचे गाव राहण्याजोगे आहे. १६१० साली आग्र्याच्या संघाने आचार्य विजयसेनसूरींना पाठवलेले असे पत्र प्रसिद्ध आहे; ते जहांगिराच्या पदरच्या उस्ताद शालिवाहनाने रंगवले. बडोदेकरांनी अभिमान बाळगावा अशी गोष्ट म्हणजे या पत्रांवरचा हीरानंद शास्त्री यांचा ग्रंथ १९४२ साली बडोद्यातच निघाला. एवढे मोठे पत्र, एवढे रंग, आणि सांगणे एकच: आमच्याकडे मुक्काम करा. हल्ली क्षमावाणीच्या दिवशी माझ्या मोबाईलवर दीडदोनशे चित्रे येतात. सगळ्यांत तेच कमळ, तीच ओळ. ज्याने मला खरोखर दुखावले आणि ज्याला मी दुखावले, ते दोघेही त्यांत असतात, पण कोणते चित्र त्यांचे हे ओळखता येत नाही. खांबावर लावलेली क्षमा ही अशी असते.

आता माझ्या धंद्याकडे वळतो, कारण पत्र गेल्याचा फटका मला तिथे रोज कळतो. होमिओपॅथी आणि टपाल यांचे नाते जुने आहे. हानेमान १८२१ ते १८३५ जर्मनीतल्या क्योथेन या गावी होते. दूरदूरचे रुग्ण त्यांना पत्राने आपले दुखणे कळवत. ती पत्रे आज श्टुटगार्टच्या वैद्यक-इतिहास संस्थेत जपलेली आहेत. ‘ऑर्गेनॉन’ या त्यांच्या ग्रंथात वैद्याला स्पष्ट आज्ञा आहे की रुग्ण जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. का? कारण आमच्या शास्त्रात ‘पाय दुखतो’ याला काहीच किंमत नाही. कसा दुखतो, केव्हा, कशाने वाढतो, कशाने थांबतो यावर सगळे. आमच्या पद्धतीबद्दल तुमचे मत काहीही असो, दुखणे नीट सांगता येणे कोणत्याही डॉक्टरपुढे उपयोगाचे असते.

आणि या बाबतीत मराठी श्रीमंत आहे, इतकी की इंग्रजी मटेरिया मेडिका वाचताना मी मनात मराठी घालतो तेव्हाच ते औषध मला कळते. ठणका वेगळा, ठसठस वेगळी. कळ येते आणि जाते. शूल धरून बसतो. चमक भरते. पेटका येतो. मुरडा पोटातच येतो, दुसरीकडे नाही. आग होते, भगभग होते, चुरचुर होते, आणि या तिन्हींत अंतर आहे. रवरव तर इंग्रजीत कशी सांगायची ते मला चाळीस वर्षांत जमलेले नाही. अंग मोडून येते, अंग जड पडते, अंगात कसर असते. हे शब्द कुणी शब्दकोशात बसून केलेले नाहीत. आजारी माणसांनी केलेले आहेत.

मी दवाखाना काढला त्या काळी परगावचे रुग्ण पत्र लिहीत, मी पुड्या पाकिटात घालून पाठवी. कारवारच्या, चंदगडच्या, मिरजेच्या बायका दोन-दोन पाने लिहीत. लिहिताना माणूस थांबतो, आठवतो, खोडतो. ‘दुखते’ लिहून ते खोडून ‘ठणकते’ लिहिलेले पत्र माझ्या दृष्टीने तपासणीच्या रिपोर्टाइतके मोलाचे असे, कारण त्या खोडण्यात रुग्णाने स्वतःला तपासलेले असे. आणि ता. क. मध्ये नेहमी मुख्य गोष्ट असे. अंगदुखीची दोन पाने आणि मग सहीखाली, ‘ता. क. धाकटे दीर वारल्यापासून झोप नाही.’ आता निरोप येतो: ‘सर, पेन आहे, टॅबलेट सांगा.’ खाली हात जोडलेले चित्र. मी विचारतो, कसला पेन? उत्तर येते: ‘खूप.’

म्हणून गेल्या काही वर्षांत परगावच्या रुग्णांना मी एक अट घालतो. पहिली माहिती कागदावर, मराठीत, स्वतःच्या हाताने लिहायची. फोटो काढून पाठवा, पोस्टाने पाठवा, माझी हरकत नाही, पण कागदावर. काही जण कंटाळून दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. काही लिहितात. शुद्धलेखन मी पाहत नाही.

इंदूरच्या एका तिसऱ्या पिढीतल्या मराठी मुलीला, बँकेत नोकरीला आहे, डोकेदुखी होती. तिने पहिल्यांदा मोबाईलवर इंग्रजीत चार शब्द पाठवले. अट सांगितल्यावर ती म्हणाली, ‘काका, मला मराठी लिहिता येत नाही, हिंदीत लिहू का?’ मी म्हटले, लिपी एकच आहे, आजीला सांगतेस तसे लिही. आठवड्याने पोस्टाने कार्ड आले. वेलांट्या हिंदी वळणाच्या, ‘ळ’च्या जागी ‘ल’. वर श्री होते. ते आजीने सांगितले असणार. खाली लिहिले होते, ‘डोकं दुखतं असं नाही. एका बाजूला ठसठसतं, जसं कुणी आतून दार वाजवतं. उन्हात गेलं की जास्ती. आई गेली त्या उन्हाल्यापासून आहे.’